जुन्या पिकअपचं स्टेअरिंग आणि पुढची बाजू: दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा

सात-आठ वर्षं कांदा, टोमॅटो आणि सिमेंटच्या गोण्या ओढलेली पिकअप घेतली की पहिल्या आठवड्यातच काही गोष्टी जाणवायला लागतात. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. साठच्या पुढे गेलं की हातात थरथर येते. खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजवाला बोनेटसुद्धा न उघडता सांगतो, “टाय रॉड एंड टाकू, अलाइनमेंट मारू, होईल नीट.” पैसे जातात, आवाज राहतो. महिन्याभरात नवे टायर पुन्हा एका कडेने घासलेले दिसतात.

पुढच्या बाजूचा दोष बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो किंवा बोटांना लागतो, पण त्यासाठी गाडीखाली जावं लागतं आणि स्टेअरिंगवर दुसरा माणूस बसावा लागतो. हा लेख त्या तपासणीचा आहे. सुटे भाग बदलणं पुढचं काम, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन मापात आणणं) तर सगळ्यात शेवटचं. हा क्रम उलटा केला की खर्च दुप्पट होतो.

आधी बघा, तुमच्या गाडीला पुढे काय आहे

आपल्याकडच्या जुन्या पिकअपमध्ये पुढची बांधणी दोन प्रकारची सापडते. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि मॉडेलनुसार फरक असतो, म्हणून नावावर जाऊ नका, खाली वाकून बघा.

पहिल्या प्रकारात एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग लोखंडी ॲक्सल जातो आणि तो दोन बाजूंच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला असतो. टाटा २०७ च्या पिढीतल्या गाड्यांत ही रचना बघायला मिळते. इथे चाक वळतं ते किंग पिनवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकातल्या उभ्या पिनवर. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म असतात, वरचा आणि खालचा. त्याला कॉइल स्प्रिंग असते किंवा चासीच्या कडेने मागे जाणारी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. इथे चाक बॉल जॉइंटवर, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्यावर वळतं.

आता स्टेअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंतची साखळी ओळखून घ्या. सलग ॲक्सलच्या गाडीत दांडा स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म निघतो, त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते. ड्रॅग लिंक एका चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाला) ढकलते आणि तिथून टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत ओढतो. स्वतंत्र आर्मच्या गाडीत एक तर बॉक्स, ड्रॉप आर्म, आयडलर आर्म (मधल्या लिंकचं दुसरं टोक धरणारा) आणि मधली लिंक असते, नाहीतर थेट रॅक (आडवा सरकणारा दातेरी दांडा) आणि त्याच्या दोन टोकांना टाय रॉड. जेवढे सांधे जास्त, तेवढा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, साठायला जागा जास्त. त्यामुळे बॉक्सच्या जुन्या गाडीत स्टेअरिंगच्या कडेवर इंचभर प्ले असला तर लगेच घाबरायचं कारण नाही. रॅकच्या गाडीत तेवढा असेल तर मात्र काहीतरी नक्की झिजलंय.

सामान, आणि एक अट

जॅक, दोन मजबूत स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे, टॉर्च, लांब पहार, खडू, मोजायची टेप, पाने, ग्रीस गन आणि हवा मोजायचा गेज. शिवाय एक माणूस, जो सांगितल्याबरोबर स्टेअरिंग फिरवेल आणि सांगितल्याबरोबर थांबेल.

अट अशी की नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा, दगड, जुनी रिम यांवर गाडी टेकवायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. वीट वजनाखाली सूचना न देता फुटते. जमीन सपाट आणि टणक हवी. शेताच्या बांधावर किंवा पावसाने मऊ झालेल्या अंगणात हे काम करू नका. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मग जॅक.

गाडी चालवून लक्षणं लिहून काढा

ओळखीच्या रस्त्यावर गाडी न्या. एक फेरी रिकामी, जमलं तर एक नेहमीच्या मालासकट. दोन्हींत फरक पडतो. मागे बोजा जास्त झाला की पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं, स्टेअरिंग तरंगल्यासारखं हलकं होतं आणि पुढच्या ॲक्सलचा कोनही बदलतो. सव्वा टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरून कसारा घाट उतरणाऱ्याने “गाडी हातात राहत नाही” म्हटलं, तर दोष टाय रॉडमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

काय बघायचं:

थरथर कधी येते? ठरावीक वेगाला येऊन त्याच्या वर-खाली कमी होत असेल तर आधी टायर, रिम आणि बॅलन्सिंगवर संशय घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम वाकडा झालेला असू शकतो. आणि खड्डा किंवा पुलाचा सांधा ओलांडल्यावर पुढची दोन्ही चाकं जोरात डोलायला लागली, स्टेअरिंग हातातून सुटेल असं झालं आणि वेग पार कमी केल्यावरच थांबलं, तर ती पाट्यांवरच्या सलग ॲक्सलची जुनी ओळखीची खोड आहे. कुठेतरी एकाहून जास्त सांधे सैल आहेत. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेवर नेऊ नका.

गाडी एका बाजूला ओढते का? सरळ चालताना की फक्त ब्रेक लावताना, हे वेगवेगळं लिहा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे थोडी ओढ नैसर्गिक असते. रुंद, मोकळ्या रस्त्यावर मधोमध चालवून मगच ठरवा.

वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं का? येत नसेल तर काहीतरी जाम आहे: किंग पिन, बॉल जॉइंट, कॉलमचा (स्टेअरिंगच्या दांड्याचा) क्रॉस, किंवा कुणीतरी बॉक्सचा स्क्रू पिळून ठेवलाय.

आवाज कुठे येतो? खड्ड्यात ‘खट्’, जागच्या जागी वळवताना ‘कर्र’, चालताना वेगाबरोबर वाढणारी गुणगुण. गुणगुण डावीकडे वळताना वाढली तर उजव्या चाकाच्या बेअरिंगकडे आधी बघा, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या.

फेरी संपल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक चटका बसावा इतकं तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग आवळलेलं आहे. गाडी ओढण्याचं कारण तिथेच सापडेल.

टायर वाचा

हवा मोजा, पण गाडी थंड असताना. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा नसेल तर बाकीच्या तपासणीला अर्थ नाही. पंक्चरवाल्याच्या गेजवर भरवसा ठेवण्यापेक्षा स्वतःचा गेज घ्या, तो फार महाग नसतो.

मग टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, नंतर आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दाते लागत असतील तर टो (दोन्ही चाकांची तोंडं पुढे आत की बाहेर वळलेली आहेत ते माप) बिघडलेला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड घासली असेल तर कॅम्बरचा (चाक वरून आत किंवा बाहेर कलण्याचा) प्रश्न: झिजलेला बॉल जॉइंट, बसलेली स्प्रिंग, वाकलेला आर्म किंवा ॲक्सल. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी ठेवली गेलीये किंवा माल जास्त भरला गेलाय. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेला आहे, बेअरिंग सैल आहे किंवा बॅलन्सिंग बिघडलंय.

ओढ तपासायची एक फुकटची युक्ती आहे. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर चालवा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. तशीच राहिली तर ब्रेक, पाटे किंवा अलाइनमेंटकडे जा. टायरवर बाण असेल, म्हणजे तो एकाच दिशेने फिरायचा असेल, तर ही अदलाबदल करू नका.

रिमही बघून घ्या. चाक उचलून हळूहळू फिरवा आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरा. खडू एकाच जागी घासला तर रिम वाकडी आहे. टायरचा फुगवटाही याच वेळी दिसतो.

चाकं जमिनीवर ठेवून: सगळ्यात महत्त्वाची तपासणी

या तपासणीला जॅक लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त दोष इथेच सापडतात. तरी घाईत हीच पायरी वगळली जाते.

गाडी सपाट जागी, चाकं सरळ. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन सुरू ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक आणि ठोकळे पक्के. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हलवलं तर आतल्या व्हॉल्व्हची ढिलाई प्लेसारखी भासते आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसता.

सोबत्याला सांगा, “डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, चाक हलायला लागेपर्यंतच. जोर नको, घाई नको.” तो हेच पुन्हा पुन्हा करत राहील. तुम्ही बाजूने किंवा पुढून, बोटं हलत्या भागांच्या फटीत न घालता, साखळी वरून खाली बघत जायची. प्रत्येक सांध्यापाशी एकच प्रश्न विचारायचा: याच्या आधीचा भाग हलला की पुढचा भाग त्याच क्षणी हलतो का? जिथे पहिला हलतो आणि दुसरा थांबून मग हलतो, तिथे प्ले आहे.

कॉलमपासून सुरुवात करा. दांड्याच्या खालच्या टोकाला क्रॉस असतो किंवा रबराची चकती. क्रॉसच्या कपांत खळखळ असेल किंवा रबर फाटलं असेल तर तिथेच दीड-दोन बोटं प्ले निघतो. हा भाग स्वस्त असतो, आणि याच्याकडे कुणी बघत नाही.

मग बॉक्स. बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्यावर आणि बाहेर येणाऱ्या ड्रॉप आर्मवर खडूने एकेक खूण करा. दांडा फिरतो आणि आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्सच्या आत. पण त्याआधी स्वतः बॉक्स चासीवर हलतोय का ते बघा. बोटाचं टोक बॉक्स आणि चासीच्या सांध्यावर आडवं ठेवलं की हालचाल लगेच जाणवते. बोल्ट ढिले असतील तर आवळा. बोल्ट घट्ट असूनही बॉक्स हलत असेल तर तिथली माती खरवडून काढा आणि चासीला चीर आहे का बघा. ओव्हरलोड आणि खडीच्या रस्त्यावर चाललेल्या गाड्यांत बॉक्सच्या बोल्टांभोवती चिरा सापडतात. नुसतं वेल्डिंग ओतून हे काम निभत नाही. चीर थांबवून, पट्टी मारून, अनुभवी फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या.

ड्रॉप आर्मचा नट ढिला आहे का? त्याच्या आतले दाते झिजले की आर्म शाफ्टवरच खेळतो. हा धोकादायक दोष आहे, गाडी तिथेच उभी करा.

पुढे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड. प्रत्येक एंडमध्ये बॉलची पिन आणि तिची वाटी असते. पिन वाटीत बाजूला सरकताना किंवा वर-खाली होताना दिसली की तो एंड संपला. टाय रॉड स्वतःभोवती थोडा पिळला जातो, तो दोष नाही. कित्येक जण हाताने रॉड पिळून बघतात आणि चांगले एंड फेकून देतात. रबर बूट फाटलेला दिसला आणि प्ले अजून नसला तरी त्याची नोंद करा. फाटक्या बुटातून चिखल आणि पाणी शिरतं आणि एका पावसाळ्यात तो एंड जातो.

आयडलर आर्म असेल तर त्याचं टोक वर-खाली होतंय का बघा. रॅक असेल तर रॅकच आडवा सरकतोय का ते बघा. त्याचे रबर बुश गेले की स्टेअरिंग फिरवल्यावर आधी अख्खा रॅक हलतो, मग चाक. आतल्या सांध्याचा प्ले बघायला रॅकच्या टोकाचं रबर बोटांनी दाबून धरायचं आणि सोबत्याला स्टेअरिंग हलवायला सांगायचं. टकटक बोटांना लागते.

जे सापडेल ते खडूने जागेवरच खूण करून ठेवा. एक दोष सापडला म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत तीन ठिकाणचा थोडा-थोडा प्ले मिळून स्टेअरिंगवर चार बोटं दिसतो.

चाक उचलून

जॅक कुठे लावायचा यावर निदान अवलंबून आहे. सलग ॲक्सल असेल तर ॲक्सलखाली, पाट्याच्या बैठकीजवळ. स्वतंत्र आर्मच्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर काम करत असेल, तर जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाच्या जवळ. चासी उचलून चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटला ताणून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. जॉइंट झिजलेला असूनही “चांगला” ठरवला जातो तो बहुतेक याच कारणाने.

चाक जमिनीपासून दोन-तीन इंच वर, स्टँड लावलेला. एक हात टायरच्या वर, एक खाली. एकाने ढकला, दुसऱ्याने ओढा. खडखड लागली तर ती बेअरिंगची आहे की किंग पिनची किंवा बॉल जॉइंटची, हे ठरवायचं आहे. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गायब झाली तर बेअरिंग, कारण ब्रेकने हब (चाक बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल एक झाले. तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. मागून टॉर्च मारून बघा, नकल कशाच्या सापेक्ष हलतेय ते दिसतं.

नंतर टायरखाली पहार घालून चाक वर उचला. किंग पिनच्या गाडीत नकल आणि ॲक्सल यांच्यात खालच्या थ्रस्ट बेअरिंगची (उभं वजन घेणाऱ्या बेअरिंगची) किंवा शिमची (पातळ चकतीची) झीज इथे कळते. बॉल जॉइंटच्या गाडीत खालचा जॉइंट उचलला जाताना दिसतो. किंचित हालचाल काही गाड्यांत मुळातच दिलेली असते, मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. पण नजरेला ठसठशीत दिसणारी उचल कुठल्याच गाडीत चालत नाही.

आता हात टायरच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवून हलवा. वर-खाली घट्ट आणि आडवा सैल, तर टाय रॉडचे एंड किंवा ड्रॅग लिंक. दोन्हीकडे सारखाच सैल, तर आधी बेअरिंग.

चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर किंवा पाट्यावर ठेवा. बेअरिंग खरखरीत असेल तर कानाआधी तळहाताला कळतं. टेपर बेअरिंग असलेल्या हबमध्ये नुसता प्ले असेल आणि खरखर नसेल, तर ते उघडून धुवा, बघा, नवीन ग्रीस भरा आणि नट पुन्हा बसवा. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडा सैल करून मॅन्युअलप्रमाणे शेवटचा बसवायचा आणि नट अडवणारी स्प्लिट पिन नवीनच घालायची. नट पिळून “घट्ट केलंय” म्हणणाऱ्याच्या हातचं बेअरिंग घाटात तापून जळतं.

किंग पिनचं काम घरी करू नका. नवे बुश ठोकून बसवल्यावर वरचा आणि खालचा दोन्ही एका रेषेत रीमरने मापात आणावे लागतात. हे न करता पिन हातोड्याने बसवली की चाक जड होतं. नुसती पिन बदलून जुने बुश ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. पिन जागेवर धरणारी कॉटर ढिली राहिली का, हेही काम झाल्यावर बघा.

पाटे, यू-बोल्ट, बुश, शॉकअप

सलग ॲक्सलच्या गाडीत ॲक्सल जागेवर धरण्याचं काम पाटे करतात. पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो. चालताना गाडी तिरकी जाते आणि स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही वाकडं राहतं. हे तपासायला टेप पुरते. चाकं सरळ ठेवून डाव्या बाजूला पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजव्या बाजूला. ठळक फरक निघाला तर ॲक्सल सरकलेला आहे, मग तो पुढचा असो की मागचा. मागचा ॲक्सल तिरका झाला तरी चालकाला वाटतं की स्टेअरिंगच बिघडलं.

पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टभोवती गंजाची लाल पावडर किंवा चकाकलेली रेघ दिसली की ते ढिले झालेत. पाट्याचं एखादं पान मोडलंय का, ते माती धुऊन बघा. मोडकं पान बहुतेक यू-बोल्टच्या कडेलाच लपलेलं असतं. पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश पहारीने हलवून बघा. खड्ड्यातली ‘खट्’ बऱ्याचदा इथली असते आणि तिच्यासाठी टाय रॉड एंड बदलले जातात.

स्वतंत्र आर्मच्या गाडीत आर्मच्या मुळाशी असलेले रबर बुश बघा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला झटका देत असेल आणि ब्रेक चांगले असतील, तर खालच्या आर्मचा बुश फाटलेला असण्याची शक्यता मोठी.

शॉकअपवर तेल ओघळलंय का, त्याचे वरचे-खालचे बुश आहेत की नुसते नट खडखडतायत, एवढं बघा. यात वेळ घालवू नका. गेलेला शॉकअप स्टेअरिंग सैल करत नाही, पण थरथर वाढवतो.

स्टेअरिंग जड असेल तर

जड स्टेअरिंगची कारणं वेगळी असतात. ती एकेक करून वगळायची.

हवा कमी आहे का? असेल तर भरा, बाकी काही करू नका. मग पॉवर स्टेअरिंगचं तेल. पातळी, रंग, फेस. दुधाळ, फेसाळ तेल म्हणजे आत हवा शिरतेय, बहुधा पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या क्लिपमधून. पट्टा ढिला असेल तर जागेवर वळवताना चित्कारतो. तेल कमी होत असेल तर ते कुठून गळतं ते आधी शोधा, वरून ओतत राहू नका. स्टेअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तिथे धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, पंपावर तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो.

तेल, पट्टा, हवा ठीक असूनही जडच असेल तर दोन्ही पुढची चाकं स्टँडवर उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असतानाही जड किंवा अडकत असेल, तर दोष कुठेतरी जाम झालेल्या सांध्यात आहे. मग ड्रॅग लिंक एका टोकाला सोडवा. आता चाकं हाताने वळवून बघा आणि स्टेअरिंग वेगळं फिरवून बघा. चाकं जड तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट, स्टेअरिंग जड तर बॉक्स किंवा कॉलम. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, आणि ते न करता आख्खा बॉक्स बदलला जातो.

किंग पिन कोरडी असेल तर नुसत्या ग्रीसनेही फरक पडतो. पण ग्रीस भरताना चाक उचललेलं हवं. गाडीचं वजन बसलेलं असताना खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये ग्रीस शिरत नाही, वरूनच ओघळतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. ग्रीस भरायचं निपल बुजलं असेल तर बदला, ते अगदी किरकोळ किमतीचं असतं. पावसाळ्यात, आणि प्रेशर पंपाने गाडी धुतल्यावर, हे लवकर करा.

बॉक्सवरचा तो स्क्रू

बॉक्सवर लॉक नटसकट एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. सैल स्टेअरिंगवरचा झटपट इलाज म्हणून तो पिळायची पद्धत आहे. प्ले खरोखर बॉक्समध्ये आहे हे खडूच्या खुणांनी सिद्ध झालं असेल तरच त्याला हात लावा. बॉक्स मधल्या जागेवर, म्हणजे चाकं सरळ असताना सगळ्यात घट्ट असतो आणि टोकांकडे थोडा सैल. म्हणून ॲडजस्टमेंट चाकं सरळ ठेवूनच करायची, स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत आणि दरवेळी पूर्ण टोकापासून टोकापर्यंत स्टेअरिंग तपासत. मध्यावर अडखळायला लागलं की जास्त झालं, परत सोडा. पिळून ठेवलेला बॉक्स वळणानंतर स्टेअरिंग सरळ येऊ देत नाही, आणि आतले भाग झपाट्याने खातो. दहा जागच्या प्लेपैकी नऊ जागा तशाच ठेवून दहावी पिळणं ही फसवणूक आहे, मग ती मिस्त्री करो की मालक.

भाग बदलताना आणि नंतर

टाय रॉड एंड काढण्याआधी जुन्या एंडची लांबी मोजा आणि तो सोडवताना किती फेरे लागले ते मोजून ठेवा. नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवा. त्याने टायर खाल्ले न जाता गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत पोचते. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, चुकीच्या दिशेने जोर लावून बसू नका. कॅसल नटची खाच आणि भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. स्प्लिट पिन जुनी वापरू नका, आणि तिच्या जागी खिळा तर अजिबात नको.

सगळे सांधे घट्ट झाल्यावर टो घरीही मोजता येतो. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूने आणि खिळ्याने एक बारीक रेघ सगळीकडून काढा. दोन्ही चाकांवर. गाडी खाली उतरवून काही फूट पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसेल. मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला मोजा. पुढचं कमी असेल तर टो-इन. फरक थोड्या मिलिमीटरांचाच असायला हवा, नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा घ्या. हे माप दुकानाच्या मशीनची जागा घेत नाही, पण मशीनवाल्याने काय केलं ते पडताळता येतं.

दुकानात गेल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. सलग ॲक्सलच्या गाडीत तिथे बहुतेक वेळा फक्त टोच बदलता येतो. कॅस्टर (किंग पिनचा पुढे-मागे कल) बदलायचा तर पाटा आणि ॲक्सल यांच्यात पाचर घालावी लागते आणि कॅम्बर चुकला असेल तर ॲक्सल वाकलेला आहे किंवा किंग पिन झिजलीये. “सगळं सेट करून देतो” म्हणणाऱ्याला हे विचारा आणि उत्तर ऐका. स्टेअरिंग मधोमध बसवायचं असेल तर ते ड्रॅग लिंकच्या लांबीने बसवायचं. स्टेअरिंग व्हील उपटून दुसऱ्या दात्यावर लावण्याची युक्ती करू देऊ नका. तसं केलं की बॉक्सचा मध्य सुटतो आणि सरळ चालतानाच प्ले वाढतो.

मालवाहू गाडीचं वय आठ वर्षांच्या पुढे गेलं की फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं. ही तपासणी त्याच्या महिनाभर आधी ठेवा, म्हणजे सुटे भाग मागवायला वेळ मिळतो आणि आदल्या रात्री गॅरेजात उभं राहावं लागत नाही. यू-बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट किंवा बॉक्सचे बोल्ट सोडवले असतील तर दोन-तीनशे किलोमीटर माल घेऊन चालल्यावर ते पुन्हा पान्याने तपासा, विशेषतः यू-बोल्ट, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते हमखास ढिले होतात.